आपला नकाशा आपणच काढायचा

संपादकीय



गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला आपल्या एका वस्तीवर दोन माणसं मोटारसायकलवर आली. संगं टेप अन् चुन्याची पिशवी. गायरानाच्या कडेनं त्यांनी फक्की मारली, चार खुंट्या ठोकल्या. आपल्या बाया तिथंच खुरपत होत्या. त्यांनी इचारलं, "काय चाललंय दादा?" उत्तर मिळालं, "काही नाही मावशी, मोजणी हाय." कुणाची मोजणी, कुणाच्या हुकमानं, कशापायी, काहीच कळलं नाही. पंधरा दिवसांनी डांबरी रस्त्याच्या तोंडाला फलक लागला, प्लॉट विकणे आहे. फलकावर रंगीत नकाशा होता. त्यात रस्ते होते, बाग होती, देवळाची जागा होती. आपली वस्ती नव्हती. तीस वर्षांची वहिती, वढ्यातली बुडकी, लिंबाची दोन झाडं, म्हसनवट्याची जागा, यातलं काही नव्हतं. तिथं "भविष्यातील विस्तार" असं लिहिलं होतं.

या वस्तीचं अन् गावाचं नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढं सांगतो.

फलक बघून पोरं चिडली. फलक उपटून टाकू म्हणाली. आम्हीपण चिडलो. पण त्या रात्री बैठकीत एका म्हाताऱ्या बाबानं जे इचारलं, त्यावर कुणालाच बोलता आलं नाही. बाबा म्हणाला, "त्यांचा नकाशा खोटा हाय म्हणता. मंग आपला खरा नकाशा कुठाय?"

आपल्याकडं नव्हता. मोर्चे काढले, धरणं धरली, तहसीलवर मुक्काम केले, निवेदनांच्या पोचपावत्यांची गाठोडी आहेत. पण आपली जमीन कुठून कुठवर, हे कागदावर दाखवा म्हटलं की आपण हात लांब करून सांगतो, "त्या बाभळीपासून ह्या वढ्यापोत." बाभळ तोडली की आपला पुरावा गेला. म्हणून या अंकात नकाशावर लिहितोय.

आधी हे समजून घेऊ की आपण नकाशात का नाही. आपल्या पारधी समाजावर इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यापासून गुन्हेगारीचा शिक्का होता. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला उठला. मराठवाड्यात जमिनीच्या हक्काचा मूळ कागद म्हणून आजही जे खासरा पत्रक मागतात, ते १९५४-५५ चं. म्हणजे शिक्का निघाल्यावर दोन-तीन वर्षांत गावोगावच्या जमिनीची नोंद झाली. ज्या माणसाला काल-परवापर्यंत गावात मुक्काम करायला पाटलाची परवानगी लागत होती, तो त्या दोन वर्षांत कुठं बसणार अन् कुणाच्या पत्रकात नाव लावणार? मोजणीदार आला की आपले आजे-पणजे रानात पळायचे. सरकारी माणूस म्हणजे पोलीस, एवढंच त्यांना ठाऊक. त्या पळण्याची किंमत आपण अजून भरतोय.

आज नव्यानं मोजण्या चालल्यात. त्यातही तीच गत आहे. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोन उडवून गावठाणाची मोजणी होते अन् घराघराला मालमत्ता पत्रक मिळतं. चांगली गोष्ट आहे. पण ती मोजणी गावठाणाची. आपली वस्ती गावठाणाच्या बाहेर, गायरानात नाहीतर फॉरेस्टच्या कडेला. ड्रोन आपल्या डोक्यावरून गेला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, अन् पत्रकं वाटली तवा आपल्या हातात काही नाही. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर होते. सातबारा असेल त्याचं पीक त्यात दिसतं. आपली तूर अन् हुलगे सातबाऱ्यावर नाहीत, म्हणून सरकारच्या लेखी तिथं पीकच नाही, पड आहे. अन् जिथं पड आहे, तिथं काहीही करता येतं असं समजतात.

आता शहराचं बघा. धाराशिव वाढतंय, तुळजापूर वाढतंय. सोलापूर-धुळे रस्ता चौपदरी झाला. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेचं काम चाललंय. शक्तिपीठ महामार्ग जाहीर झाला तवाच्या बारा जिल्ह्यांच्या यादीत आपला जिल्हा आहे. रस्ते, रेल्वे नकोत असं आम्ही म्हणत नाही. दवाखान्यात जायला आपल्यालाही रस्ता लागतो. पण शहर नुसतं घरांनी वाढत नाही. त्याला मुरूम लागतो, तो आपल्या माळावरून निघतो. वीज लागते, तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानं सौर प्रकल्पाला दिली जातात. प्लॉट लागतात, तर दलाल आधी गावठाणाच्या कडेच्या खाजगी जमिनी घेतो. महसूल कायद्याच्या ४२-ड कलमात गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन आकार भरून रहिवासाला वापरायची सोय केली गेली. गावठाणाशेजारी प्लॉट पडले की त्यांचा रस्ता गायरानातून जातो, मग गायरानाच्या कडेला पत्र्याचं दुकान पडतं, मग "इथं अतिक्रमण झालंय" म्हणून आरडाओरडा होतो. पण उठवतात दुकानवाल्याला नाही. आपल्याला.

रान तर आपल्या जिल्ह्यात राहिलंय किती? धाराशिव जिल्हा ७,५६९ चौरस किलोमीटरचा. त्यात जंगल शंभरात एक भागसुद्धा भरत नाही. येडशी-रामलिंगचं अभयारण्य सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. तिथं २०२४ च्या डिसेंबरात वाघ दिसला. तो यवतमाळकडच्या टिपेश्वरातून शेकडो किलोमीटर चालत आला. वाघ काही विमानानं आला नाही. वढे, माळ, गायरानं, झुडपी रान असं धरत धरत आला. हे सगळं तुकड्या-तुकड्यानं अजून जोडलेलं आहे, म्हणून आला. शहराच्या आराखड्यात या तुकड्यांना "मोकळी जागा" म्हणतात. आपल्याला माहिती आहे की तिथं शेळ्यांचा चारा आहे, सीताफळ आहे, तरवड आहे, तितर आहे, पाणी मुरायची जागा आहे.

शहराचा विकास आराखडा म्हणजे काय, हे आपल्या पोरांनी एकदा समजून घेतलं पाहिजे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली नगरपालिका आपल्या हद्दीचा आराखडा करते. नकाशात रहिवास पिवळा, शेती हिरवी, असे रंग असतात. हिरव्यावर पिवळा रंग चढला की जमिनीचा भाव चढतो. प्रारूप आराखडा जाहीर झाला की हरकत घ्यायला तीस दिवस मिळतात. तीस दिवस! अन् नोटीस दिवाळीनंतर लागली तर आपण कुठं असतो? फडात. कोयता हातात, पोरं पाठीशी, अर्धी वस्ती सांगली-कोल्हापुरात नाहीतर कर्नाटकात. परत येतो तवा मुदत संपलेली असते अन् साहेब म्हणतो, "तुमची हरकत आली नाही, म्हणजे तुम्हाला मान्य होतं." हे आपल्यासंगं घडलंय.

नकाशा वाचून लोकांनी आराखडा माघारी घ्यायला लावला, असंही घडलंय. गोव्यात. तिथं ऑगस्ट २००६ मधे सरकारनं प्रादेशिक आराखडा २०११ जाहीर केला. लोकांनी नकाशे मिळवले, गावात मांडले अन् आपल्या डोंगरावर बोट ठेवून रंग बघितला. जंगल, शेत, डोंगराचा उतार, अशा जागा वसाहतीच्या रंगात रंगवलेल्या दिसल्या. गाव उठलं, दुसरं गाव उठलं. आंदोलन इतकं पेटलं की जानेवारी २००७ मधे सरकारला आराखडा रद्द करावा लागला. पुढच्या आराखड्याच्या वेळी गावागावाचे नकाशे लोकांसमोर ठेवावे लागले. गोव्यातली माणसं आपल्यापेक्षा शिकलेली असतील, पण आपल्या डोंगराची ओळख आपल्यालाही तेवढीच आहे. नकाशा समोर आला तरच ती कामी येते.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आपल्या अंकात पूर्वी येऊन गेलंय. वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. आपल्या रानाची हद्द त्यांना पाठ होती अन् त्यांनी ती कागदावर आणली. गुजरातेत नर्मदा जिल्ह्यात दावे नामंजूर झाले, तवा आदिवासींनी जीपीएस घेऊन आपले तुकडे स्वतः मोजले अन् उपग्रहाच्या जुन्या चित्रांवर ठेवून दाखवलं की हे शेत आधीपासून आहे.

आता कायद्याचं नीट ध्यानात घ्या, कारण आपल्यात इथंच गोंधळ होतो. फॉरेस्टची जमीन वेगळी अन् गायरान वेगळं. कधी कधी एकाच बांधाच्या अलीकडं गायरान अन् पलीकडं फॉरेस्ट असतं.

फॉरेस्टच्या जमिनीला २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वहिती पाहिजे, जास्तीत जास्त चार हेक्टर मिळते, अन् पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. वनहक्क समितीनं प्रत्येक दाव्याचा नकाशा ओळखीच्या खुणांसह करायचा असं नियमातच आहे. म्हणजे नकाशा काढणं हा आपला हट्ट नाही, समितीचं काम आहे. पुरावे एकापेक्षा जास्त लागतात, अन् गावातल्या जाणत्या माणसांचे जबाब हाही पुरावा धरतात. एखाद्या कार्यालयात "उपग्रहाच्या फोटोत तुमचं शेत दिसत नाही" असं म्हणून दावा फेटाळला तर गप बसू नका. २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय की उपग्रहाचं चित्र बाकीच्या पुराव्यांच्या जोडीला चालतं, त्यांच्या जागी चालत नाही.

गायरानाला वनहक्क कायदा लागत नाही. तिथं २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आपला आधार आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली दलित-आदिवासींची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं त्यात आहे. त्यासाठी तलाठ्याकडची अतिक्रमणाची नोंदवही, गाव नमुना एक-ई, लागते. २०११ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं गायरानं मोकळी करायचा निकाल दिला, तो दाखवून आपल्याला घाबरवतात. त्याच निकालात भूमिहीनांना अन् अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेनं दिलेल्या जमिनीचा अपवाद आहे, ते कुणी वाचून दाखवत नाही. आपण वाचून दाखवू. पण एक-ई ला नाव आहे अन् जागेवर तुकडा कुठला हे दाखवता येत नाही, असं झालं तर अर्धी लढाई हरलो.

आता ज्या वस्तीची गोष्ट वर सांगितली, तिथं आम्ही काय केलं ते सांगतो. झालेल्या चुकांसह सांगतो.

पहिल्या दिवशी आम्ही सहा पोरं निघालो. मोबाईल घेतला, हद्द मोजायचं अ‍ॅप चालू केलं अन् गायरानाला कडेकडेनं चक्कर मारली. दुपारच्या आत मोबाईलवर हद्द उमटली. आम्ही खूष! संध्याकाळी मोठ्या कागदावर काढून बायांना दाखवली. एक आजी बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "ह्यात तुमी नुसतं कुंपन काढलंय. आमी जगतो कुठं, ते कुठंय?"

दुसऱ्या दिवशी बाया पुढं, आम्ही मागं. त्यांनी उन्हाळ्यात पाणी राहतं ती बुडकी दाखवली. सरपणाची वाट, शेळ्या बसायची जागा, छपराला लागणारं गवत, सीताफळीचा पट्टा, आजारपणात लागणाऱ्या पाल्याची जागा दाखवली. विधवा बाईचा एक तुकडा आम्ही पुरुषांनी दिराच्या शेतात धरला होता, तोही वेगळा करून दिला. चार दिवस गेले. तवा कुठं त्याला नकाशा म्हणायची सोय झाली.

मोबाईलच्या आकड्यांची पण गंमत आहे. धाराशिव शहर साधारण १८.१८ अक्षांश अन् ७६.०४ रेखांशावर आहे. दशांशानंतरचा चौथा आकडा एकानं बदलला की जागा साधारण ११ मीटर सरकते, पाचवा बदलला की एक मीटर. म्हणून पाचही आकडे लिहायचे, अन् मोबाईलवर विसंबू नका, वहीतही लिहा. उघड्या आभाळाखाली दोन मिनिटं एका जागी उभं राहून मग आकडा घ्यायचा. झाडाच्या दाट सावलीत अन् कड्याच्या बुडाला आकडा हलतो. तरी पाच मीटरचा फरक राहतोच. एक एकर चौकोनी शेताची बाजू साधारण २०९ फूट. एका बाजूला पाच मीटर, म्हणजे सोळा फूट चूक झाली, तर तीन गुंठ्यांचा फरक पडतो. म्हणून अख्ख्या गायरानाची हद्द मोबाईलनं घ्या, पण दोन भावांच्या मधला बांध टेपनंच मोजा. ३३ फूट लांब अन् ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, हे आपल्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. मोबाईल दाखवून घराघरात भांडणं लावू नका.

तिसऱ्या गोष्टीनं आमची झोप उडवली. मोजताना दिसलं की तीन तुकडे आता आपल्या माणसांकडं नाहीत. कुणी पोरीच्या लग्नाला, कुणी दवाखान्याला पैसे घेतले अन् शंभराच्या बाँडवर जमीन बाहेरच्या माणसाला देऊन टाकली. मूळ जमीनच नावावर नाही, तर असल्या बाँडनं मालकी जात नाही, पण ताबा गेला. रात्रभर वाद झाला. काही जण म्हणाले, हे नकाशात दाखवू नका, इज्जत जाईल, दावा कमजोर होईल. काही म्हणाले, त्या घरांना पंचायतीत उभं करा, दंड लावा.

आम्ही दोन्ही केलं नाही. ते तीन तुकडे नकाशात दाखवले, आडव्या रेघा मारून. कारण मोजणीदार जागेवर आला अन् त्याला एक खोटं सापडलं, की बाकीचे चाळीस खरे तुकडेही तो खोटेच धरणार. अन् दंड लावायचा नाही, कारण दवाखान्याचं बिल दंडानं फिटत नाही. दुसऱ्या दिवशी त्यातला एक माणूस स्वतः आला अन् म्हणाला, ताबा परत घ्यायला मी पुढं होतो, संगं या. ती लढाई चालू आहे.

आता वस्तीचं नाव का लिहिलं नाही, ते. नकाशा आपल्याला वाचवतो तसा दलालालाही वाट दाखवतो. पाणी कुठं, मुरूम कुठं, कुणाचा तुकडा कमजोर, हे सगळं त्यात असतं. म्हणून आमचं म्हणणं असं की नकाशा ग्रामसभेचा अन् वस्तीचा, एकट्या कार्यकर्त्याच्या मोबाईलमधला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचा नाही. दोन कागद करायचे. एक बाहेर दाखवायचा, त्यात हद्द, तुकडे, घरं, वाटा. दुसरा आपल्यापुरता, त्यात देवाच्या जागा, औषधी पाला, पाण्याच्या जागा. दुसऱ्या कागदाची पेटी कुणाकडं ठेवायची, ते बायांनी ठरवायचं.

नकाशानं जमीन मिळते, असं आम्ही सांगत नाही. त्या वस्तीतला प्रश्न सुटलेला नाही. फलक अजून उभाच आहे. फरक एवढाच झाला की नकाशा, एक-ईचे उतारे अन् म्हाताऱ्यांचे जबाब घेऊन साठ माणसं तहसीलला गेली, तवा पहिल्यांदा साहेबानं "तुमची जमीन नक्की कुठं आहे?" हे न इचारता, "हा नकाशा कुणी काढला?" असं इचारलं. मागं उभी असलेली ती आजी म्हणाली, "आमी."

साथींनो, दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्याच्या आत प्रत्येक वस्तीनं एवढं करायचं:

१. पाच जणांचं पथक नेमा. त्यात दोन बाया अन् एक जाणता म्हातारा असलाच पाहिजे.

२. तलाठ्याकडून गट नकाशा अन् एक-ईचा उतारा रीतसर अर्ज करून मागा. पोच घ्या. कोणता गट गायरान, कोणता फॉरेस्ट, कोणता खाजगी, ते आधी रंगवा.

३. हद्द चाला, आकडे वहीत लिहा, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या.

४. नकाशा वस्तीत जमिनीवर पसरून सगळ्यांसमोर वाचा. चूक तिथंच दुरुस्त करा, मग सह्या-अंगठे घ्या.

५. ऊसतोडीला न जाणारी दोन माणसं ठरवा. नगरपालिकेच्या अन् पंचायतीच्या फलकावर कुठली नोटीस लागली, हे त्यांनी दर आठवड्याला बघायचं अन् टोळीला फोन करायचा.

या अंकाच्या शेवटच्या पानावर स्टेन्सिलवर कोरून एक नमुना दिलाय. छपाई फिकट आली असेल, रेघा जाड-बारीक असतील. तो बघून आपला काढा. येत्या अमावस्येच्या बैठकीला येताना गुंडाळी घेऊन या, अर्धी झाली असली तरी चालेल.

जमीन हक्काची लढाई जिंदाबाद!

— संपादक मंडळ